सागरवालीचं निवळणं

झाशीतल्या नगऱ्याच्या त्या गल्लीत शशिकलाबाईंना त्यांच्या नावानं हाक मारणाऱ्या दोनच जागा: बँक आणि गॅस एजन्सी. बाकी सगळ्यांना त्या सागरवाली. बुंदेलखंडात सासरी आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावानं ओळखतात, आणि शशिकलाबाईंचं माहेर सागरचं. कैक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं आणि तिथलंच होऊन राहिलेलं मराठी घर. मागच्या अंगणाला लागून जे घर आहे, तिथली बाई गरौठ्याची, म्हणून ती गरौठावाली. दोघींची खरी नावं आपापल्या आधारकार्डावर सुखात आहेत.

या दोन घरांच्या मधल्या भिंतीत एक दार आहे. एकाच फळीचं, निळ्या रंगाचं, उंबरा जरा उंच. दोन्ही घरं पूर्वी एकाच मालकाची होती. त्यानं ती वेगवेगळी विकली आणि दार बुजवायचं राहून गेलं. शशिकलाबाई लग्न होऊन झाशीला आल्या तेव्हा सासू-सासरे नागपूरला दिराकडे, आणि रत्नाकर रेल्वेच्या सिग्नल खात्यात. आज इथे तर उद्या बबिन्याला. अनोळखी घरात, अनोळखी गल्लीत एकट्या बसलेल्या त्या नव्या नवरीकडे पहिलं माणूस आलं ते या दारातून. हातात कढीचं पातेलं आणि तोंडात पदर घेऊन गरौठावाली उभी होती. पुढे थोरला झाला तेव्हाचे सुंठीचे लाडू याच दारातून आले. धाकट्या सिद्धार्थला गोवर निघाला तेव्हा थोरला याच दारातून पलीकडे राहायला गेला, सिद्धार्थ बरा झाल्यावरही परत यायला तयार होईना. मग भावानं सागरचं घर विकून इंदूर गाठलं, तेव्हा शशिकलाबाईंचं माहेर संपलं. त्या तसं कधी बोलल्या नाहीत. पण त्या वर्षीच्या दिवाळीत माहेरची म्हणून जी साडी त्यांनी नेसली, ती त्या दारातून आलेली होती.

आईकडून त्यांना दागिने फारसे मिळाले नाहीत, शब्द मात्र भरपूर मिळाले. त्यातला 'निवळणं' हा त्यांनी रोज वापरून वापरून अगदी गुळगुळीत केला. ताक निवळतं, आभाळ निवळतं, नळाचं पाणी निवळतं, आणि माणसंही निवळतात. कुणी येऊन सांगितलं की अमक्यांचं भांडण मिटलं, तर त्या विचारायच्या, "मिटलं की निवळलं?" त्यांच्या लेखी हे वेगळं. मिटतं तेव्हा कुणीतरी हरलेलं असतं. थंडावतं तेव्हा माणसं दमलेली असतात. दबतं ते पुढच्या लग्नकार्यात हमखास वर येतं. निवळतं तेव्हा गाळ खाली बसतो. तो खाली आहे हे सगळ्यांना दिसत असतं, पण पाणी पिता येतं. गरौठावालीला हे समजावताना त्यांना नेमका हिंदी शब्द सापडला नव्हता. बराच वेळ ऐकून घेऊन ती म्हणाली होती, "अरे, तो थिराबो कओ ना." तेव्हापासून इकडे निवळायचं आणि पलीकडे थिरायचं.

शशिकलाबाईंची रीत सोपी होती: हात घालायचा नाही. एकदा छावणीतल्या फौजी घरांतल्या मराठी बायका आणि नगऱ्यातल्या रेल्वेवाल्या यांच्यात मंडळाच्या गणपतीला प्रसादाचे मोदक उकडीचे की तळणीचे यावरून असं काही जुंपलं की व्हॉट्सअॅपवर दोन गट झाले. सगळ्या जणी शशिकलाबाईंना फोन करत. त्या ऐकून घेत आणि शेवटी आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगत. कुणाचं कुणाला सांगितलं नाही, कुणाची बाजू घेतली नाही. गणपती येईपर्यंत सगळ्यांना त्यांच्या गुडघ्याची काळजी लागली होती आणि मोदक दोन्ही तऱ्हेचे झाले. तेव्हापासून "सागरवालीकडे जा" असं लोक म्हणू लागले.

रत्नाकर म्हणायचे, "आळसाला इतकं चांगलं नाव दुसऱ्या कुणी दिलेलं नाही."

"असू दे," त्या म्हणायच्या. "तुमच्या उद्योगानं किती निवळलं ते आठवा."

रत्नाकर आठवायचे आणि पेपर उघडायचे.

यंदा त्यांच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू जरा मोठं केलं, कारण थोरल्याच्या बायकोचं, मृदुलाचं, हे पहिलंच वर्ष. मृदुला साताऱ्याची. झाशीत तिला सगळंच नवं होतं, आणि त्या नव्यात तिला धरून ठेवलं ते गरौठावालीच्या मुलीनं. तिला सगळे बिन्नू म्हणतात. बिन्नूनं तिला बाजार दाखवला, हिंदी सुधारून दिली आणि हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळपासून खपून गौरीपुढची सगळी आरासही करून दिली.

बिन्नूच्या लग्नाचं तेव्हा चाललं होतं. मुलाची बुआ, म्हणजे आत्या, सीपरी बाजारात राहते. तिच्या शब्दावर सगळं घर चालतं असं ऐकलेलं. त्या दिवशी बुआ मुलीला बघायला म्हणून नाही, पण बघायलाच, गरौठावालीकडे आली होती. गरौठावाली तिला निळ्या दारातून मोठ्या अभिमानानं इकडे घेऊन आली. बघा, आमचा शेजार कसा आहे.

आलेल्या बायकांच्या ओट्या रिवाजाप्रमाणे भिजवलेल्या हरभऱ्यांनी भरल्या. शशिकलाबाई कलिंगड चिरायला आत गेल्या. तेवढ्यात बिन्नू निघाली, आणि मृदुलाला वाटलं, हिनं इतकं केलं, हिला नुसत्या हरभऱ्यांवर कशी पाठवू. साताऱ्याला तिच्या आईनं कुणा पोरीबाळीला रिकाम्या ओटीनं पाठवलेलं तिनं पाहिलं नव्हतं. तिनं बिन्नूला पाटावर बसवलं. नारळ, तांदूळ, खण, वर मूठभर बत्तासे, अशी बिन्नूची ओढणी भरून ओटी भरली. सिद्धार्थ पुण्याहून सुटीला आलेला, पन्ह्याचा ट्रे घेऊन शेजारी उभा होता. त्याला म्हणाली, "भाऊजी, फोटो काढा ना."

आता बुंदेलखंडात मुलीचं लग्न ठरलं की मुलाकडची बाई येऊन तिच्या पदरात नारळ, कापड, बत्तासे घालते. त्याला ओली म्हणतात. ओली भरली की मुलगी त्या घरची झाली. आपल्याकडेही साखरपुड्याला मुलीची ओटी भरतात, पण आपण बाकीच्या वेळीही ऊठसूट भरत असतो. इथे तसं नाही. बुआंच्या समोर नारळ होता, कापड होतं, बत्तासे होते, आणि ट्रे घेऊन बिनलग्नाचा मुलगा होता. आणखी काय दिसायला हवं?

बुआंनी पन्ह्याचा पेला अर्धा ठेवला. "हमें देर हो रई," म्हणाल्या आणि पुढच्या दारानं गेल्या.

शशिकलाबाई कलिंगडाची परात घेऊन बाहेर आल्या तेव्हा गरौठावालीचा चेहरा पाहूनच काय झालं ते त्यांना कळलं. इतकी वर्षं झाशीत काढल्यावर न कळायला काय झालं. पण बुआ गेलेल्या, बायका दारात चपला शोधतायत, बिन्नू ओढणी धरून तशीच उभी. आत्ता नको, त्यांनी ठरवलं. निवळेल.

दुसऱ्या दिवशी निळ्या दाराला पलीकडून कडी होती.

बिन्नूचा सिद्धार्थला निरोप आला: मुलाकडचे म्हणतात, तुमच्या मुलीचं शेजारी आधीच ठरलेलं दिसतंय, मग आम्हाला का बोलावलं? सिद्धार्थनं तो वाचून दाखवला आणि सुटी संपली म्हणून पुण्याला निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "आई, माझी यात काही चूक नाही, मी फक्त पन्हं देत होतो."

मृदुलाचं जेवणातलं लक्ष उडालं. "मी जाते, आई. पाया पडते काकींच्या."

"आणि काय सांगशील? तिथे त्यांची चार माणसं जमली असतील. तू गेलीस की पाचवं तोंड. थांब. हात घालू नकोस."

"अगं, फोन तरी कर," रत्नाकर म्हणाले.

"अहो, फोननं वाढतं."

असं करत चैत्र संपत आला. कडी तशीच. पलीकडून कढीला दिलेल्या फोडणीचा वास यायचा, वाटी यायची नाही. शशिकलाबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना दाराकडे बघत आणि बघितलं नाही असं करून आत येत. मग एका शनिवारी गल्लीत टेम्पो थांबला आणि विटा उतरल्या. रत्नाकर दूध घेऊन आले ते पिशवी हातात धरूनच खुर्चीवर बसले.

"दाऊ भेटले होते," ते म्हणाले. गरौठावालीच्या नवऱ्याला गल्लीत सगळे दाऊ म्हणतात. "म्हणाले, भाईसाब, सोमवार को मिस्त्री आ रओ, वो रस्ता बंद करवा रए."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो. काय म्हणणार? भिंत त्यांचीही आहे."

शशिकलाबाईंनी दूध गॅसवर चढवलं. ज्योत मोठी झाली ती बारीक केली, बारीक झाली ती पुन्हा मोठी केली. "सोमवारपर्यंत निवळेल," त्या म्हणाल्या.

"शशी," रत्नाकर म्हणाले, आणि असं ते फार क्वचित म्हणत, "विटा निवळत नाहीत."

त्या आठवड्यात पुढचा रस्ता खणलेला होता आणि नळाला चहासारखं पाणी येत होतं. आरओचं यंत्र कधीच बंद पडलं होतं. मृदुलानं आदल्या संध्याकाळी पिंपभर पाणी न हलवता ठेवलं होतं. त्या शनिवारी दुपारी ती बघायला गेली आणि तिथूनच म्हणाली, "आई, हे कालचं पाणी. अजून तसंच आहे."

शशिकलाबाईंनी फडताळातून एक जुना डबा काढला. त्यात सागरहून आणलेल्या निवळीच्या बिया होत्या, बटणासारख्या गोल. त्यांनी सहाण घेतली, थोडं पाणी घालून बी उगाळली, गंध झालं ते पिंपात ओतलं आणि लांब पळीनं तळापासून पाणी ढवळू लागल्या. खाली बसलेला थोडाफार गाळही वर आला.

"अहो आई," मृदुला म्हणाली, "हे काय? तुम्हीच म्हणता ना, हात घालू नये म्हणून."

"बारीक माती आपणहून बसत नाही. एकदा बी घालून ढवळावं लागतं. मग सोडून द्यायचं."

 मृदुलाला सासूला टोमणा मारायचा नव्हता, पण ती पिंपाकडे न बघता निळ्या दाराकडे बघत होती, आणि शशिकलाबाईंना ते दिसलं. त्यांनी पळी पिंपाच्या काठावर ठेवली. 

"साडी बदल," त्या म्हणाल्या. "आणि कोपऱ्यावरून नारळ आण. चार-पाच आण."

पुढच्या दारानं गरौठावालीकडे जायचं म्हणजे अख्खी गल्ली फिरून पलीकडच्या रस्त्याला लागावं लागतं. कित्येक वर्षांत शशिकलाबाई त्या बाजूनं गेल्या नव्हत्या; घराला पुढून पिवळा रंग दिलाय हे त्यांना त्या दिवशी कळलं. दाऊ ओसरीवर होते. ते उठून आत गेले. गरौठावाली बाहेर आली, वेताच्या मोड्यावर बसली आणि पाणी विचारलं नाही. झाशीच्या उन्हात दारी आलेल्याला पाणी न विचारणं म्हणजे काय, ते शशिकलाबाईंना समजावून सांगायची गरज नव्हती.

"भाभी, ओटीचं चुकलं," त्यांनी सरळ सुरुवात केली. "पोरीला इथली रीत ठाऊक नव्हती."

मृदुलानं वाकून नमस्कार केला. गरौठावालीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण बघत होती शशिकलाबाईंकडे.

"बहू को कछू दोष नइयाँ," ती म्हणाली. "ओली को दुख भी नइयाँ. तुम चुप्प बैठी रईं, ईको दुख है." मग तिचा बांध फुटला. आम्ही बुआंना सांगितलं, दहा वेळा सांगितलं, की त्यांच्यात असं भरतात, त्याचा अर्थ काही नसतो. तर त्या म्हणाल्या, लरकी वारे तौ जेई कैहैं. मुलीकडचे असंच म्हणणार. ज्यांनी ओली भरली ते का गप्प आहेत? खोटं असतं तर दुसऱ्या दिवशी धावत आले असते. "तब हम का कहते, सागरवाली? हम तुमाई कुंडी देखत रए, कि अब खटकी, अब खटकी." कडी आता वाजेल, मग वाजेल.

 दाराला कडी लावली ती पलीकडून, हे शशिकलाबाईंना माहीत होतं. कडी लागायच्या आधी एक आख्खी संध्याकाळ गेली होती, त्या संध्याकाळी दार उघडं होतं, आणि त्या आपल्या अंगणात येऊन दाराजवळून परत गेल्या होत्या, हेही त्यांना माहीत होतं.

"सीपरीला चल," त्या म्हणाल्या.

"हम नईं बोलबे वारे उतै."

"तू बोलू नकोस. मी बोलते. तू नुसती चल."

ई-रिक्षात तिघी एका बाकावर बसल्या. मध्ये मृदुला, तिच्या मांडीवर नारळांची आणि ओटीच्या सामानाची पिशवी.  चित्रा चौराह्याला रिक्षा खड्ड्यात आपटली, एक नारळ घरंगळत गरौठावालीच्या पायाशी गेला, तिनं तो उचलून पिशवीत ठेवला आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागली.

बुआ दिवाणावर बसून सुपारी कातरत होत्या. वयानं सत्तरीच्या पुढच्या, हातात भरपूर काचेच्या बांगड्या, नजर अडकित्त्यासारखीच. शशिकलाबाईंनी आपली ओळख सांगितली. बुआ म्हणाल्या, ओळखते.

"बुआजी, आमच्याकडे बाई घरातून निघाली की तिची ओटी भरतात," शशिकलाबाई आपल्या सागरच्या हिंदीत सांगू लागल्या. "सून असो, शेजारीण असो, धोबीण असो. त्यात काही ठरत नाही. तुम्ही त्या दिवशी माझ्याकडून तशाच गेलात, ते माझ्याकडे राहिलंय. ते द्यायला आले."

आणि बुआ काही म्हणायच्या आत त्यांनी मृदुलाला खूण केली. मृदुलानं बुआंना हळदीकुंकू लावलं, त्यांचा पदर पुढे घेतला आणि त्यात नारळ, खण, तांदूळ, बत्तासे घातले. बिन्नूच्या ओटीत घातलं होतं अगदी तेच. मग तिथेच गरौठावालीची ओटी भरली. दारात उभ्या असलेल्या बुआंच्या सुनेची भरली.

बुआ पदरातल्या नारळाकडे बघत राहिल्या.  मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"हमाई ओली भर दई," त्या सुनेला म्हणाल्या. "अब जा उमर में हमें को ब्याह कें लै जैहै?" या वयात आता कोण लग्न करून नेणार?

सुनेनं तोंडाला पदर लावला. गरौठावालीनं मान वळवली, पण तिच्याही गालावर काहीतरी हललं.

हसणं संपल्यावर बुआंनी अडकित्ता खाली ठेवला. "तो फिर दूसरे दिन काय नईं आईं?"

"मला वाटलं, आपोआप निवळेल. थिरा जाएगा."

"थिरात तो है," बुआ म्हणाल्या. "पै लरकी की उमर थोरी थिरात." मुलीचं वय थोडंच थांबून राहतं.

 "चूक माझी," शशिकलाबाई म्हणाल्या. "पोरीच्या घरच्यांची नाही. तुम्ही काय ते ठरवा, पण ती माझ्या मौनावर ठरवू नका." बुआंनी, घरात विचारते, एवढंच सांगितलं आणि चहा मागवला. तिघींनी कप रिकामे केले.

परत येताना रिक्षात पुन्हा तेच, मध्ये मृदुला. चौराहा गेला. नगऱ्याचा फाटा आला तेव्हा गरौठावालीनं आपल्या ओटीतला नारळ कानाशी धरून हलवला.

"कहाँ से लए जे?"

"कोपऱ्यावरून."

"सरे निकरहें," ती म्हणाली. सडके निघतील.

शशिकलाबाईंनी त्यानंतर घरी येईपर्यंत काही बोलायचं टाळलं. ढवळून झालं होतं, आता सोडून द्यायचं होतं.

सोमवारी मिस्त्री आला. दाऊ ओसरीवरून म्हणाले, अभी रहन दो. विटा होत्या तिथेच राहिल्या, कडीही तशीच राहिली. मृदुला रोज कान देऊन असायची. "आई, परत जाऊ या का?" "नाही," शशिकलाबाई म्हणायच्या, "आता नाही." आणि आता त्यांच्या आवाजात थोडी धाकधूक असायची, जी पूर्वी कधी नव्हती. रत्नाकरांनी एकदा टिंगल करायला तोंड उघडलं आणि पेपर उघडला.

वैशाखातल्या एका सकाळी त्या तुळशीला पाणी घालत होत्या आणि कडी खाली पडल्याचा आवाज आला. दार कुरकुरलं. कढीचं पातेलं आधी आलं, मागून गरौठावाली. "नमक देख लो," ती म्हणाली. शशिकलाबाईंनी बोटावर घेऊन चाखली. मीठ बरोबर होतं. कमी आहे, असं त्या म्हणाल्या, नेहमी म्हणायच्या तसंच.

बुआंचा होकार त्याच्या थोडा नंतर आला.

बिन्नूची खरी ओली ज्येष्ठात झाली. माणसं इतकी की एक अंगण पुरेना, म्हणून निळ्या दाराची फळी बिजागरीवरून काढून भिंतीला टेकवली आणि दोन्ही अंगणं एक केली. बुआ मधोमध बसून हुकूम सोडत होत्या. ओलीचं ताट आलं तसं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "वा सातारावाली कितै है? ऊखों नरियल से दूर बैठारो." तिला नारळापासून लांब बसवा. सगळं अंगण हसलं. मृदुलाही हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की गल्लीनं तिला नाव दिलंय.

हलवायाला भट्टी मांडायला विटा हव्या होत्या. गल्लीत विटा होत्याच. त्यानं कुणाला न विचारता त्या उचलल्या, शशिकलाबाईंच्या अंगणात रचल्या आणि दिवसभर त्यांच्यावर पुऱ्या तळल्या. दुसऱ्या दिवशी भट्टी मोडली तेव्हा विटा आतून काळ्या ठिक्कर पडल्या होत्या, काही तडकल्या होत्या. दाऊ आणि रत्नाकर त्यांच्याकडे बघत चहा घेत उभे होते.

"अब करिया ईंटें भींत में को लगाए," दाऊ म्हणाले.

"नाही, चांगलं नाही दिसणार," रत्नाकर म्हणाले.

मग दोघांनी मिळून फळी उचलली आणि बिजागरीत बसवली. ती बसताना थोडी तिरकी बसली. आता दार पुरतं लागत नाही.